कुणाला कळणारही नाही

आमच्या सोसायटीसमोरच्या हॉलवर परवा पुन्हा दिव्यांच्या माळा चढल्या. तुळशीचं लग्न लागलं की सानपाड्यात हे सुरू होतं. दुपारी टेम्पोतून खुर्च्या उतरतात, उन्हं कलली की एक पांढरा घोडा कोपऱ्यावर येऊन उभा राहतो आणि दिवेलागणीला बँडवाले फुटपाथवर बसून आपापली वाद्यं पुसतात. मी बाल्कनीतून बघत असतो. ट्रम्पेटवाल्याचे गाल फुगतात, मान ताठ होते, कपाळावरची शीर टरारते. माझ्यापर्यंत ढोल तेवढा पोचतो, तोही कानात नाही, कठड्यावर टेकलेल्या तळहातात. बाकी सगळी वरात पाण्याखालून चालल्यासारखी जाते. नाचणाऱ्यांची तोंडं उघडतात, मिटतात. पोरं हात वर करून काहीतरी ओरडतात. मला दिसतं ते.

मागच्या वर्षीची लग्नसराई आमच्या घरची होती. मृणालचं, आमच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न ठरलं ती. आपल्या घरच्या लग्नाचा हंगाम लोकांना साड्यांवरून आठवतो, रुखवतावरून आठवतो, कोण रुसलं कोण जेवलं यावरून आठवतो. मला आठवतात दोन फोन. जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले. एक माझा अँड्रॉइड, कव्हरचे कोपरे उडालेला. दुसरा मृणालने वापरून बाजूला ठेवलेला आयफोन, पुसूनबिसून चकचकीत केलेला. यातला कुठला बाबांनी घ्यायचा, हा प्रश्न. ऐकणाऱ्याला हसू येईल असा. माझ्या वयाच्या माणसाने फोनच्या निवडीवर इतका जीव जाळावा, याची मला तेव्हाही लाज वाटत होती. पण त्या हिवाळ्यात मला एवढ्या तऱ्हेतऱ्हेच्या लाजा भेटल्या की ही त्यातली सगळ्यांत धाकटी म्हणायची.

मी तळोज्याला एका कारखान्यात होतो, कॉम्प्रेसर हाऊसला. तिथे यंत्रांच्या घरघरीत दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हातवारे करतात. कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची. मी ते शर्टाच्या खिशात ठेवायचो. बोळे घातले की आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येतो आणि तो मला आवडायचा नाही. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायला मला जागा नाही.

बहिरेपण एकदम येत नाही. आधी बारीक आवाज जातात. पिंपळावरचे बुलबुल गेले, ते मला कळलंच नाही. मग कुकरची शिट्टी. वाफ दिसायची, मी गॅस बंद करायला उठायचो, सगळ्यांना वाटायचं ऐकून उठलो. मग दारावरची बेल. माणसांत आधी बायकांचे आवाज जातात, कारण ते बारीक. सुनंदाचा, माझ्या बायकोचा, आवाज तर पहिल्यापासून पातळ, थोडा अनुनासिक. म्हणजे घरात पहिल्यांदा हरवली ती तीच. आणि मग शब्दांच्या कडा झिजायला लागल्या. साखर आणि भाकर मला सारखंच. लोकांना वाटतं बहिऱ्याच्या जगात शांतता असते. शांतता कसली, दिवसभर नुसते अंदाज बांधायचे. समोरचा हसला की हसायचं, तेही अर्ध्या क्षणाने उशिरा. त्याने मान हलवली की आपणही हलवायची.

चष्मा लागला तेव्हा मला लाज वाटली नव्हती. उलट चार लोकांत बरा दिसतो म्हणून मी खूश होतो. मग कानाचीच लाज का वाटावी? मला अजूनही याचं नीट उत्तर देता येत नाही. एवढंच कळतं की दिसत नाही म्हटलं तर माणसं जवळ सरकतात, आणि ऐकू येत नाही म्हटलं तर आवाज चढवतात. चढलेल्या आवाजात वैताग असतोच. मग आपण न ऐकताच 'हो' म्हणायला शिकतो.

या 'हो'ने एकदा माझा घात केला. शेजारचे देसाई सकाळी लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "आई गेली." मी ऐकलं, आई आली. त्यांची आई गावाला असते, अधूनमधून येते, हे मला माहीत होतं. मी चांगलं तोंड भरून हसलो आणि म्हणालो, "अरे वा! बरं झालं." लिफ्ट खाली पोचेपर्यंत मी त्यांच्याकडे हसून बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आज नेमकं दिसतं, पण तेव्हा मी ते वाचलं नाही. ऐकू येत नाही त्याने निदान नीट बघावं तरी.

संध्याकाळी सुनंदाने पांढरी साडी काढलेली बघून मी विचारलं, तेव्हा कळलं. त्या घरी जाऊन बसायची माझी हिंमत झाली नाही. सुनंदा एकटी गेली.

त्यानंतरच मृणालने माझ्या फोनवर ते ॲप घातलं. समोरचा बोलेल ते अक्षरांत उमटवणारं. मराठीत. "बाबा, हे बघा ना, बोलून बघा काहीतरी," असं ती म्हणाली आणि पडद्यावर ते जसंच्या तसं आलं: बाबा हे बघा ना बोलून बघा काहीतरी. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, पण तिचं वाक्य. किती वर्षांनी मी माझ्या मुलीचं एक अख्खं वाक्य, मधे न गळता, घेतलं होतं. ती आपली पुढ्यात बसून, "जेवायला काय, पाऊस पडतोय, आई ओरडतेय," असं काय काय बडबडत राहिली आणि मी वाचत राहिलो.

तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन उभा राहायला लागला. तो चुकायचा. सुनंदा म्हणायची "वरण वाढू?" आणि तो लिहायचा "मरण वाढू". आम्ही हसायचो, आणि मग कधी कधी पडद्याच्या कोपऱ्यात नुसतं 'हशा' असं उमटायचं. माणसं हसत आहेत, अशी बातमी. मी ते वाचून हसायचो. घरात ते मला चालायचं.

घराबाहेर मात्र फोन खिशातून काढायला माझा हात जड व्हायचा. समोरच्याच्या तोंडापुढे फोन धरला की तो एकतर गप्प होतो, नाहीतर केस सारखे करतो. मंडईत गावठाणातली एक बाई भाजी घेऊन बसते. पोपटी पातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू, घसा मोकळा. एकदा मी भाव विचारून फोन पुढे धरला. तिने माझ्याकडे बघितलं, शेजारणीकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली. पडद्यावर आलं, "शूटिंग कशाला करता मी काय हिरोइन आहे का". 'आहे' असं ती नक्कीच म्हणाली नसणार. ती 'हाय' म्हणते, हे तिच्या ओठांवरून मलाही कळतं. पण फोनने तिची भाषा धुऊन इस्त्री करून दिली होती. मी घाईघाईने फोन खिशात टाकला आणि मेथीची जुडी न घेताच निघालो. आजूबाजूच्या बायका हसत होत्या. ते मला पडद्याशिवाय कळलं.

मृणाल ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. तन्मय तिच्याच ऑफिसातला. दोघांचं ठरवून झालं होतं, आता मोठ्यांनी बसून बोलणी करायची, एवढंच उरलं होतं. तन्मयला वडील नाहीत. आई बँकेतून निवृत्त झालेल्या, कोपरखैरण्याला राहतात. बोलणीला तन्मयचे काका कराडकडून येणार होते. दिवस ठरला आणि आमच्या घरात टेन्शन सुरू झालं. सुनंदाला साडी कुठली नेसायची याचं, मृणालला माझं.

ते तिने उघड म्हटलं नाही. एके दिवशी ऑफिसातून येताना ती एक छोटी पांढरी डबी घेऊन आली. आत दोन इअरबड्स, शेवग्याच्या फुलाच्या कळ्यांसारखे. तिने फोनवर धडाधड टाइप करून दाखवलं आणि तोंडाने पण सांगत राहिली. हे कानात घातले की आजूबाजूचा आवाज मोठा होतो, तुमच्या कानाला जिथे कमी पडतं तिथे भर घालतो. फक्त ते आयफोनसोबत नीट चालतात. म्हणून माझा आधीचा तुम्हाला देते, सगळं त्यात हलवून देते, फोटो, नंबर, व्हॉट्सॲप. "आणि बाबा, साध्या इअरफोनसारखे दिसतात. आजकाल सगळेच घालून फिरतात. कुणाला कळणारही नाही."

कुणाला कळणारही नाही. तिच्या दृष्टीने हा त्या वस्तूचा मोठा गुण होता. खरं सांगायचं तर माझ्याही दृष्टीने.

वाशीला कानाची तपासणी करणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे आम्ही गेलो. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी माझे कान तपासले. नंतर हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "आवाज वाढेल. शब्द कळतीलच असं नाही. घरात, एकाशी बोलताना बरं वाटेल. चार माणसं एकदम बोलली तर अवघड." मृणालने विचारलं, मग याच्यात मराठी अक्षरं येतात का? बाईंना माहीत नव्हतं. घरी येऊन मृणालने खूप शोधलं. इंग्रजीत उमटायचं. माझ्या जुन्या फोनसारखं मराठी देणारं तिला त्यात काही धड सापडलं नाही. "बघू हो, येईल कधीतरी," ती म्हणाली. "तोवर ऐकूच येईल ना तुम्हाला."

आणि ऐकू आलंच. ती सकाळ मला अजून अंगावर आठवते. हवेत बारीक गारवा होता. मी इअरबड्स घातले आणि वर्तमानपत्र उलगडलं, तर केवढा आवाज! कागद असा वाजतो हे मी विसरलोच होतो. माझ्या चपलांना आवाज होता. नळाखालच्या पातेल्यात पाणी चढत जाताना सूर बदलत होता. स्वयंपाकघरात सुनंदाने फोडणी घातली आणि मोहरी तडतडली, तर मी दारात जाऊन उभाच राहिलो. तिने वळून विचारलं, काय झालं? तिचा तो पातळ, नाकातला आवाज. शब्द नाही कळले, पण आवाज तिचाच होता. मी म्हटलं, "काही नाही, परत एकदा घाल ना फोडणी." तिला वाटलं मी थट्टा करतोय.

असे दोन्ही फोन टेबलावर काही दिवस राहिले. सकाळी मी आयफोनवाला असायचो, रात्री जेवताना अँड्रॉइडवाला. मृणाल म्हणायची, "बाबा, असं दोन्हीकडे पाय ठेवून नाही जमत. एकदा शिफ्ट व्हायचं म्हणजे व्हायचं." तिचंही खरं होतं. बोटांना जुनी सवय. मागे जायचं बटण जिथे असायचं तिथे नव्या फोनवर काहीच नव्हतं आणि मी त्या रिकाम्या जागेवर पुन्हा पुन्हा बोट दाबायचो. पण खरी अडचण बोटांची नव्हती. एकात आवाज होता आणि एकात शब्द होते. दोन्ही एकत्र मिळत नव्हते. आणि शब्द घ्यायचे तर ते सगळ्यांसमोर, हात पुढे करून घ्यायला लागत होते.

ठरलं ते मटार सोलताना.

तो रविवार. टेबलावर मटारचा ढीग आणि आम्ही तिघं सोलत बसलो होतो. थंडीतल्या मटारांना एक ओला, गोडूस वास असतो. शेंग दाबली की ती अंगठ्याखाली फुटते, तो आवाज मला येत नाही पण बोटांना कळतो. माझी मान खाली. जुना फोन पोह्यांच्या डब्याला टेकवलेला, आपलं काम करत होता. मी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं नव्हतं. सुनंदा आणि मृणाल बोलत होत्या. मधेच सहज नजर वर गेली आणि पडद्यावर मृणालची वाक्यं चालली होती.

"तसं नाही गं आई पण बोलणीत तो फोन मधे धरून बसले ना की मला कसंतरीच होतं"

आणि मग,

"तन्मयच्या आईला मी अजून सांगितलं नाहीये"

आणि मग,

"लाज वाटते असं नाही पण"

इथे ते वाक्य थांबलं. मृणालने माझ्याकडे बघितलं असावं. मग पडद्याकडे. मी नजर खाली घेतली होती, पण जरा उशिरा. तिने हात पुढे केला आणि अगदी हळू, जणू झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावं तसा, फोन पालथा घातला.

आम्ही मटार सोलत राहिलो. ढीग संपेपर्यंत कुणी उठलं नाही.

तिचा राग मला आला नाही. राग आला असता तर फार बरं झालं असतं. मला लाज वाटली, पण ती ऐकू न येण्याची नव्हती. आपल्या मुलीच्या तोंडचं एक वाक्य आपण तिच्या नकळत, तिच्या परवानगीशिवाय घेतलं, याची. ऐकू येणाऱ्या माणसाला निदान खोटं खोटं न ऐकल्यासारखं करता येतं. मी तर वाचताना पकडला गेलो होतो. आणि तिचं काय चुकलं होतं? जी गोष्ट लपवण्यात मी इतकी वर्षं घालवली, ती तिलाही लपवावीशी वाटली. ते माझ्याकडूनच तिच्याकडे गेलं होतं, नाकासारखं, हनुवटीसारखं.

संध्याकाळी मीच म्हटलं, "आयफोनच ठेवतो मी. ते बरं पडेल." ती लगेच कामाला लागली. जुन्या फोनमधलं सगळं नव्यात जात होतं आणि ती माझ्याकडे न बघता त्या सरकणाऱ्या रेघेकडे बघत होती.

बोलणीला आम्ही तिघं कोपरखैरण्याला गेलो. छोटं, नीटनेटकं घर. दारात रांगोळी, आत कांदेपोह्यांचा वास. जुना फोन मी घरीच ठेवला होता. कानात इअरबड्स, अंगात नवा शर्ट. तन्मयच्या आईंचा चेहरा शांत होता. त्या बोलायच्या तेव्हा ओठ जेमतेम हलायचे. काका धिप्पाड, मिशीवाले, खुर्चीत पुढे झुकून बसलेले. सुरुवातीला एकेक जण बोलत होतं, तोवर माझं निभलं. मग पोहे आले, चमचे वाजायला लागले, वर पंखा, खिडकीबाहेर कुणीतरी ड्रिलिंग करत होतं. ते सगळे आवाज इअरबड्सनी मला सारख्याच प्रेमाने मोठे करून दिले. चमचा आणि माणूस यात त्यांना फरक कळेना. शब्द सुटले. मी माझ्या जुन्या धंद्यावर आलो. हसलो, मान हलवली.

काका माझ्याकडे वळून काहीतरी लांबलचक बोलले आणि थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे प्रश्न होता. मी म्हटलं, "हो हो, काहीच हरकत नाही."

काका खूश. मृणालचा चेहरा उतरला. तन्मय आईकडे बघायला लागला. सुनंदाने मला कोपर मारलं आणि कानाजवळ येऊन काहीतरी म्हणाली, ते माझ्या कानात नुसतं फुसफुसलं. मी गोंधळून काकांना विचारलं, "काय? काय म्हणालात?" तेवढ्यात काकांचं लक्ष माझ्या कानाकडे गेलं. त्यांचा आवाज भरदार, शिवाय ते चिडले होते, त्यामुळे हे वाक्य मात्र माझ्यापर्यंत अख्खं पोचलं.

"कानातलं काडा की आदी, पाव्हणं! मुलीची बोलणी चाललीत आन् तुमी मॅच ऐकताय काय?"

कुणाला कळणारही नाही, असं मृणाल म्हणाली होती. नव्हतंच कळलं. इतकं छान लपलं होतं की बहिऱ्याच्या ऐवजी मी उर्मट ठरलो होतो. मुलीच्या बोलणीत कानात गाणी घालून बसणारा बाप. पोह्यांची बशी माझ्या हातात होती आणि ती कुठे ठेवायची ते मला सुचेना.

मग मृणाल बोलली. ती काय बोलली ते मला नंतर सुनंदाने सांगितलं. तेव्हा मला फक्त दिसलं: ती खुर्चीवरून उठून उभी राहिली, शाळेत बाईंनी उभं केल्यासारखी, तिचे कान लाल झाले आणि ती खाली फरशीकडे बघत, न थांबता बोलत गेली. ती म्हणाली होती, "काका, बाबांना ऐकू येत नाही. ते मॅच नाही ऐकत, ते ऐकायचंच मशीन आहे. त्यांच्या जुन्या फोनवर लिहून यायचं, त्यात त्यांना सगळं कळतं. हे मीच घालायला लावलं. तुम्हाला कळू नये म्हणून."

बाहेरचं ड्रिलिंग तेवढं चालू होतं.

तन्मयच्या आई आत गेल्या. मला वाटलं, झालं. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा फोन होता. माझ्या फोनसारखाच, साधा, अँड्रॉइड. तो त्यांनी मृणालच्या हातात दिला आणि काहीतरी विचारलं. मृणाल आणि तन्मय दोघं त्यावर वाकले. थोड्या वेळाने तन्मयच्या आईंनी तो फोन लाडवांच्या ताटाला टेकवून माझ्यासमोर उभा केला. पडद्यावर पहिलं वाक्य आलं.

"आता दिसतंय का भाऊ"

"दिसतंय," मी म्हटलं. माझा आवाज कसा आला असेल कोण जाणे.

काका फोनकडे संशयाने बघत होते. मग ते माइकपुढे वाकावं तसे त्याच्यापुढे वाकले आणि बोलले. पडद्यावर आलं, "मघाशी बोललो त्याबद्दल वाटून घेऊ नका". 'वाईट' तेवढं गळालं होतं. काकांनी वाचलं, भुवया उंचावल्या, आणि पुन्हा वाकून प्रत्येक अक्षर ठोकत म्हणाले, "वाईट". पडद्यावर 'वाईट' आलं. तन्मयला हसू फुटलं, मग त्याच्या आईला, मग खुद्द काकांना. कोपऱ्यात उमटलं, 'हशा'.

त्यानंतर बोलणी झाली. कराडला लग्न करायचं का, हा काकांचा प्रश्न होता ज्याला मी 'काहीच हरकत नाही' म्हणून बसलो होतो. लग्न इथे आणि पूजा कराडला, असं ठरलं. आपलं बोलणं समोर लिहून येतंय म्हटल्यावर माणसं एकेक करून बोलतात, आणि जरा जपून बोलतात. कोणीही कोणाचं वाक्य तोडलं नाही. कदाचित त्या हंगामातली ती सगळ्यांत शांतपणे झालेली बोलणी असेल.

पण मला सुटल्यासारखं वाटलं, असं मी म्हणणार नाही. पाच माणसं माझ्यासाठी हळू झाली होती. माझ्याकडे बघून, तोंड मोठं उघडून, लहान मुलाशी बोलावं तशी बोलत होती. कुणी चांगलं वागलं की त्याचीही एक लाज असते, आणि ती अपमानाच्या लाजेपेक्षा जास्त वेळ अंगावर राहते. अपमान झाला तर निदान मनातल्या मनात भांडता तरी येतं.

परतताना रिक्षात मी कडेला, मधे मृणाल, पलीकडे सुनंदा. इअरबड्स मी काढून खिशात टाकले होते. अंधार पडायला लागला होता. कुठल्याशा चौकात मृणालने एकदम माझं मनगट धरलं, माझ्याकडे झुकली आणि काहीतरी बोलली. एक नाही, दोनतीन वाक्यं. तिचा श्वास माझ्या गालाला लागला. चेहऱ्यावर समोरच्या गाडीचा उजेड आला आणि गेला. डोळे ओले होते की उजेडाने चमकले, ते मला सांगता येत नाही. मी तिच्या हातावर थोपटलं आणि मान हलवली. 'असू दे' अशा अर्थी.

दुसऱ्या दिवशी मी आयफोन तिला परत दिला. तो फोन वाईट नव्हता. मोहरी तडतडते ती मला त्यानेच परत ऐकवली. तन्मयच्या आईंच्या घरी लाडवांच्या ताटाला टेकलेला तो पडदा नसता, तर मी कदाचित तोच ठेवला असता. "इअरबड्स तरी ठेवा," मृणाल म्हणाली. मी नको म्हटलं. अर्धं ऐकू आलं की मी पुन्हा 'हो हो' म्हणायला लागेन, अशी मला भीती वाटली. लग्नात मी माझा जुना फोन हातात धरून हिंडलो. नातेवाइकांनी विचारलं तेव्हा सांगितलं. तरी स्टेजवर फोटोला उभं राहताना मी तो खिशात घातला. फोटोग्राफर काय सांगत होता ते कळलं नाही, त्यामुळे एका फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतात आणि मी भलतीकडेच. सुनंदाने तो फोटो फ्रेम करून लावलाय. मला तो बघवत नाही.

वर्षभर एक गोष्ट मात्र मी जवळ बाळगली. रिक्षातली ती दोनतीन वाक्यं. ती काय होती हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. ज्या मुलीने मटार सोलताना तसं म्हटलं होतं आणि मग भर बैठकीत उभं राहून स्वतःला तसं उघडं पाडलं होतं, ती त्या रिक्षात दुसरं काय म्हणणार? मन जरा खट्टू झालं की मी ते मनगट आठवायचो, तो श्वास आठवायचो, आणि तिला नव्याने माफ करायचो. मोठेपणा वाटायचा मला. आपल्याजवळ काहीतरी आहे, असं.

या हंगामाच्या सुरुवातीला मृणाल चार दिवस राहायला आली होती. संध्याकाळी आम्ही दोघं बाल्कनीत बसलो होतो. खाली वरात जमत होती. फोन मधल्या स्टुलावर. कशावरून कोण जाणे, मी विचारलं, "त्या दिवशी कोपरखैरण्याहून येताना रिक्षात तू मला काय म्हणाली होतीस गं?"

तिने कपाळाला आठ्या घातल्या. जरा आठवलं. मग पडद्यावर आलं, "हां ते तो रिक्षावाला वाशीतून सरळ न्यायचं सोडून तुर्भ्यावरून नेत होता मी म्हटलं बाबा तुम्ही बोला त्याला आणि वळणावर पडाल म्हणून धरलं तुम्हाला"

मी ते दोनदा वाचलं. खाली बँडवाल्यांनी सुरुवात केली असावी, तळहाताला ढोल लागला.

"का?" तिने विचारलं. "तुम्हाला काय वाटलं?"

"तेच," मी म्हटलं. "रस्त्याचंच काहीतरी."

पडद्यावर माझंही खोटं उमटलं, तिच्या वाक्याखाली, अगदी बिनचूक. ती त्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिला काय कळलं, कसं कळलं, कोण जाणे. मुलींना कळतं.

"खरं सांगा, बाबा."

मग मी सांगितलं. मटार, पालथा घातलेला फोन, रिक्षा, सगळं. हेही सांगितलं की मी वर्षभर तिला माफ करत बसलोय, आणि आता कळतंय की तिने माफी मागितलीच नव्हती. बोलताना माझे कान तापले होते. मी तिच्याकडे बघत नव्हतो, खाली घोड्याच्या डोक्यावरच्या तुऱ्याकडे बघत होतो.

बराच वेळ काही उमटलं नाही. मला वाटलं ढोलात तिचं बोलणं बुडालं असेल. मी वळलो, तर ती ओढणीने नाक पुसत होती, आणि हसतही होती. तिने स्टूल ओढून घेतलं, फोन उचलला, तोंडाजवळ धरला आणि बोलून माझ्यासमोर केला.

"केलंय ना माफ मग राहू द्या ना तसंच"